दगडाले किडनी नसते

पाणी चोरलं म्हणून कोणी जेलात गेल्याचं मी तरी ऐकलं नाही. लोक पेन चोरतात, खुर्च्या चोरतात, आमच्या डिपार्टमेंटमधून एकानं अख्खा पंखा नेला अन् रिटायरमेंटच्या दिवशी हार घालून घेतला. मी पाणी नेलं. रोज पाच लिटरची एक कॅन. तुमाले मले चोर म्हणायचं असन तर म्हणा, पण आधी पुरतं ऐकून घ्या.

मी गोवर्धन. अमरावतीच्या एका कॉलेजात, नाव सांगत नाही, फिजिक्सच्या लॅबमध्ये सत्तावीस वर्षं सहायक. नावाले सहायक, पण तिथली मोठी भट्टी म्या माझ्या हातानं बांधली. विटा मी रचल्या, तार मी गुंडाळली. सर लोक आले अन् गेले, भट्टी आहे तिथंच आहे.

गाव माझं दर्यापूरकडे, खारपाणात, तिथूनच रोज एसटीनं येणं-जाणं. पूर्णेच्या दोन्ही अंगाला तो पट्टा आहे, तिथं कुठंही बोअर मारा, खारंच पाणी लागते. त्या पाण्यात साबणाले फेस येत नाही अन् वरण शिजत नाही. तीन तास चुलीवर ठेवा, दाण्याचा दाणा. शेतकरी आत्महत्यांच्या त्या वर्षांत आमच्याकडे रोज कोणी ना कोणी गाडी घेऊन यायचा, पुढारी म्हणा, पेपरवाले म्हणा. कापसाचं विचारायचे, कर्जाचं विचारायचे, फोटो काढायचे. पाण्याचं कोणी विचारलं नाही. अन् गावात दर दोन घराआड एकाच्या किडनीचं दुखणं. डॉक्टर म्हणतात पक्कं सांगता येत नाही, पण आमी सांगतो, पाण्यानंच होते.

माझ्या बायकोच्या, पार्बताच्या, किडन्या गेल्या दोन हजार अकराच्या दिवाळीच्या आधी. डॉक्टर म्हणाला, बाईले शुद्ध पाणी पाजा, क्षार नको. आता शुद्ध म्हणजे काय ते मले डॉक्टरापेक्षा जास्त कळते. आमच्या लॅबमध्ये पाण्यातला क्षार मोजायचं मीटर आहे. गावच्या बोअरचं पाणी घातलं तर काटा एकतीसशे दाखवते. अमरावतीच्या नळाचं घातलं तर तीनशे ऐंशी. अन् लॅबच्या खांबातून, म्हणजे ज्या नळकांड्यातून पाणी गाळून त्यातला सगळा क्षार काढून घेतात, त्याचं पाणी घातलं तर एक. मंग मले सांगा, घरी आजारी बाई असताना एक सोडून तीनशे ऐंशी कोण नेईन?

पण तो खांब म्हातारा झाला होता. दिवसभरात सात-आठ लिटर पाणी द्यायचा, बस. पाच मी नेले तर मागं काय राहते? म्हणून मी लॅबच्या कॅनमध्ये वरून नळाचं भरून ठेवायचो. अमरावतीच्या नळाचं पाणी काही वाईट नाही हो. आमच्या गावचे लोक इथं लग्नाले आले की जेवणाआधी पाण्याची तारीफ करतात. गोड म्हणजे गोड. खारपाणातल्या जिभेले जे गोड लागलं ते शुद्ध, हे आमचं लहानपणापासूनचं शास्तर. सत्तावीस वर्षं मीटर हाताळलं, तरी ते काही डोक्यातून गेलं नाही. अन् लॅबमध्ये ते पाणी लागत होतं कशाले? खडे धुवायले. मी म्हटलं, माणसाले एक नंबरचं पाणी अन् दगडाले नळाचं. दगडाले कुठं किडनी असते?

तर ते खडे होते सबीहाचे.

सबीहा म्हणजे अकोल्याची पोरगी. बाप रहमतुल्ला, ताजनापेठेत गाद्या भरायचं दुकान. पीएचडीले आमच्याकडे होती, सहावं वर्ष चालू होतं, अन् जूनच्या तीस तारखेले तिची मुदत संपत होती. तोवर हाती रिझल्ट आला तर डॉक्टर, नाही तर सहा वर्षं मातीत. तिचे खडे जपानातून आलेले, मोजून दहा. हरभऱ्याच्या डाळीएवढा चौकोन, काचेसारखा. ती ते इथं धुवून, माझ्या भट्टीत भाजून तयार करायची. मग धारणीमार्गे बसनं इंदूरले जायची. तिथं मोठ्या मशीनवर त्या खड्यावर दुसऱ्या ऑक्साइडचे थर चढवून मिळत. मशीनवर नंबर लागायचा दोन-तीन महिन्यातून एकदा.

जानेवारीत तीन खडे नेले, वाया गेले. मार्चमध्ये तीन नेले, तेही वाया. दोन तिनं सुरुवातीले शिकताना फोडले होते. मे महिन्यात उरले दोन.

मार्चनंतर तायडे सरांनी, म्हणजे तिच्या गाइडनं, तिले माझ्यासमोर बोलून घेतलं. "सबीहा, बाकीच्या लॅबमध्ये हेच काम पोरं करून राहिले. तुझ्या हातात नाही ते. काही लोकांच्या हातात नसतेच." ती मान खाली घालून उभी होती. मी भट्टीचं दार पुसत होतो. पुसतच राहिलो.

पाण्यानं खडे वाया जातात हे तेव्हा मले खरंच माहीत नव्हतं, देवाशपथ. शंका? शंका होती थोडी. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, ते होतं. कारण मार्चमध्येच तिनं मले दोनदा मीटर मागतलं होतं. "काका, एकदा पाणी तपासून पाहते." मीटरच्या कपाटाची चावी माझ्याजवळ. मी म्हटलं, सेल गेले त्याचे, नवीन मागवले. सेल काही गेले नव्हते.

आता त्या शुक्रवारचं सांगतो. मे महिना, दोन हजार बारा साल. लोडशेडिंगचे दिवस. आमच्याकडे सकाळी सात ते दहा लाईट नाही, दहा ते चार लाईट, चारले परत बंद. सबीहाची इंदूरची बस संध्याकाळी सहाले अन् मशीनवर नंबर शनिवारी सकाळी. भट्टीले पाच तास लागतात: दोन तास तापायले, एक तास हजार डिग्रीवर स्थिर, दोन तास हळूहळू उतरायले. म्हणजे अकराच्या आत खडे भट्टीत गेलेच पाहिजेत. अन् त्याआधी अर्धा तास गरम पाण्यात.

मी त्या दिवशी पहाटेच्या एसटीनं पार्बताले घेऊन आलो. महिन्याभरापासून तिचं डायलिसिस सुरू झालं होतं, मंगळवार अन् शुक्रवार. तिले राजापेठेजवळच्या सेंटरमध्ये खुर्चीवर बसवलं अन् साडेआठले लॅबमध्ये आलो. सबीहा आधीच आलेली. टेबलावर चकचकीत बीकर, चिमटा, नवे हातमोजे. दोन खडे एका डबीत.

"काका," ती म्हणाली, "मी सगळं बदललं. बीकर नवा, मोजे नवे, चिमटासुद्धा नवा. भट्टीतली ताटली बदलली. आता जर झालं नाही, तर सर म्हणतात तेच खरं."

"असं काही नसते," मी म्हटलं.

"एक पाणी तेवढं बदललं नाही. पण पाणी तुमच्या हातचं आहे, त्याच्यावर काय शंका घ्यायची." असं म्हणून तिनं कॅन उचलली. मीच काल भरून ठेवलेली कॅन. अर्ध्याहून जास्त नळाचं.

बाप्पा! मी म्हटलं, "थांब जराशीक. मले हे सांग, पाण्याचं एवढं काय असते यात?"

सहा वर्षांत मी तिले हे कधी विचारलं नव्हतं. तिनं कॅन खाली ठेवली. बिचारीले बरं वाटलं कोणी विचारलं म्हणून.

"खड्यात दोन प्रकारचे पदर असतात, काका. एकावर एक रचलेले, पार खालपर्यंत. एक स्ट्रॉन्शियमचा, एक टायटॅनियमचा. एकेक पदर एका अणूच्या जाडीचा. आता खडा करंट नेत नाही. वरून जो थर चढवतात तोही नेत नाही. पण दोघं जिथं भेटतात तिथं, त्या जोडावर, करंट धावते. अट एकच. खड्याचा सगळ्यात वरचा पदर टायटॅनियमचा पाहिजे. अन् वरून चार थर पाहिजेत. तीन असले तरी धावत नाही."

"अन् वरचा पदर स्ट्रॉन्शियमचा असला तर?"

"तर दगडावर दगड. म्हणून तर पाणी. शुद्ध पाण्यात स्ट्रॉन्शियमचा पदर विरघळून जाते, टायटॅनियमचा राहते. मग भट्टीत वरचा चेहरा सपाट होते."

"अन् पाणी नळाचं असलं तर?"

ती हसली. "मग मेलोच. नळाच्या पाण्यात कार्बोनेट, सल्फेट, कॅल्शियम. सुटलेला स्ट्रॉन्शियम त्यांना धरून परत तिथंच बसन. एका पदराचा खेळ आहे, काका. तिथं अख्खा बाजार भरन."

अन् तिनं पुन्हा कॅनले हात घातला.

मले सांगा, तुमी काय केलं असतं? चौदा महिने राहिले होते माझे रिटायरमेंटले. कोणी पाहिलं नव्हतं. खडे त्या पाण्यात बुडाले असते तर पोरगी इंदूरहून रडत आली असती, अन् सरांनी म्हटलं असतं, पाहा, मी म्हणत होतो. संपलं. माझ्या नखालेही धक्का लागला नसता. हे सगळं माझ्या मनात आलं, खोटं सांगत नाही. तिनं झाकण उघडेपर्यंत आलं अन् गेलं.

"नको घालू ते," मी म्हटलं. "त्यात नळाचं आहे."

तिले समजलं नाही. "कशात?"

"कॅनमध्ये. खांबाचं पाणी मी घरी नेतो, बायकोसाठी. मागं नळाचं भरतो."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

ती बोटांवर मोजत होती, जानेवारी, मार्च. मी कपाट उघडलं, मीटर काढलं, तिच्यासमोर कॅनच्या पाण्यात बुडवलं. दोनशे दहा. तिनं त्या आकड्याकडे पाहिलं, मग मीटरकडे.

"याचे सेल गेले होते ना," ती म्हणाली.

मी मीटर बंद करून टेबलावर ठेवलं.

"काका, मी चार महिने माझे हात पाहून राहिली. रात्री झोपताना पाहते, जेवताना पाहते. म्हणे, यात काय कमी आहे. अब्बा पिंजलेला कापूस नुसता हाताले लावून सांगतात चांगला की वाईट, अन् त्यांच्या पोरीच्या हातात काही नाही. चार महिने." तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. मी शिव्या खायच्या तयारीनं उभा होतो, अन् शिवी काही येत नव्हती.

घड्याळात पावणेनऊ. ती खांबाकडे गेली, तोटी उघडली. थेंब थेंब. मी कालच पाच लिटर पिळून नेलं होतं. एवढ्या वेगानं अर्धा लिटर व्हायले दुपार झाली असती.

"बॅटरीचं पाणी?" ती म्हणाली. "इन्व्हर्टरवाल्यांकडे मिळते."

"त्याचा भरवसा नाही. कोणी बोअरचंही भरून विकतो." मी चोर होतो म्हणून मले बाकीचे चोर माहीत होते. अन् तेव्हाच मले डायलिसिसचा तो पाण्याचा प्लांट आठवला. खुर्च्यांच्या मागं काचेची खोली, त्यात टाक्या, खांब, अन् लाल आकड्याचं मीटर. महिनाभर मी बाहेर बसून तो आकडा वाचत होतो, सवयच ती. शून्य पूर्णांक आठ. आमच्या खांबापेक्षाही शुद्ध.

"चाल," मी म्हटलं. "बाटली घे. तुझी गाडी काढ."

तिच्या स्कूटीवर मागं बसलो. गाडगेनगरपासून राजापेठेपर्यंत जायचं होतं. मी मांडीवर बाटली धरून. पंचवटीच्या चौकात सिग्नलले थांबलो तेव्हा ती समोर पाहतच म्हणाली, "मागतलं असतं तर मीच भरून दिलं असतं. पण मीटर खराब आहे म्हणून काहून सांगतलं?"

सिग्नल सुटला. मी बाटली सांभाळली.

सेंटरमध्ये टेक्निशियन होता साजिद. चांगला मुलगा, पण कामाच्या ठिकाणी कडक. मी सांगतलं, दोन लिटर पाणी पाहिजे, प्लांटचं. तो म्हणाला, "काका, डोकं ठिकाणावर आहे का? या पाण्यावर सहा जणांचं रक्त चालू आहे. यातलं थेंबभर बाहेर देता येत नाही."

मंग मले तिथंच सगळं सांगावं लागलं. खुर्च्यांच्या मधोमध उभा राहून, सहा पेशंट ऐकून राहिले, सहावी माझी बायको. तिच्या हातातून नळी गेलेली, डोळे मिटलेले. मले वाटलं झोपली असन. पाणी चोरलं, नळाचं भरलं, या पोरीचे सहा खडे गेले, दोन उरले, अकरा वाजता भट्टीत जायले पाहिजे. साजिद सबीहाकडे पाहत होता. सबीहा पार्बताकडे पाहत होती. तिले एवढं माहीत नव्हतं, की बायकोसाठी म्हणजे हे असं.

पार्बतानं डोळे उघडले. "हेच का ते पोरगी?"

"हो."

तिनं सबीहाकडे पाहिलं. मग साजिदले म्हणाली, "दे बाबू तिले. माह्या मशीनचं दे. म्या अर्धा तास आधी उठतो."

"तसं नसते, मावशी," साजिद म्हणाला. डोकं खाजवलं. मग म्हणाला, "दुसरी शिफ्ट लागायच्या आधी एक मशीन याच पाण्यानं धुवून काढतो. ते गटारातच जाते. आज पाइप तुमच्या बाटलीत सोडतो. पण सव्वादहाशिवाय नाही."

सव्वादहा. आमी बाकड्यावर बसलो. समोर भिंतीवर घड्याळ. सबीहा दर मिनिटाले उठायची, काचेपाशी जायची, परत यायची. मी हिशेब करत होतो: सव्वादहाले निघालो, साडेदहाले लॅब, गरम पाण्यात अर्धा तास, अकरा. एक मिनिट इकडचं तिकडं चालणार नव्हतं. दहा वाजून वीस मिनिटांनी साजिदनं बाटली आणली. तीन वेळा त्याच पाण्यानं विसळून भरलेली. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला अन् निघालो.

जाताना सबीहानं स्कूटी अशी पळवली की मी सत्तावीस वर्षांतले सगळे देव आठवले.

लॅबमध्ये पहिले मीटर. तिनं नाही, मी बुडवलं, अन् तिले दाखवलं. एक पूर्णांक एक. तिनं बीकर शेगडीवर ठेवला, खडे आत सोडले. तिचा हात मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिला. चिमट्याचं टोक जरासंही हललं नाही. असा हात आमच्या डिपार्टमेंटमध्ये कोणाचाच नव्हता, तायडे सरांचा धरून. हे मले माहीत होतं. मार्चमध्येही माहीत होतं, जेव्हा मी भट्टीचं दार पुसत होतो.

अकरा वाजून चार मिनिटांनी खडे भट्टीत गेले. एक वाजता काटा हजारावर आला. मी खुर्ची ओढून भट्टीसमोर बसलो, ती दुसऱ्या बाजूनं. जेवणाचा डबा कोणी उघडला नाही. एक वाजून अडतीस मिनिटांनी लाईट गेली.

चारले जायची लाईट पावणेदोनले गेली. बाहेर कोणीतरी शिवी हासडली. सबीहा उठून उभी राहिली. मी दाराच्या फटीत, मागच्या भोकात, जिथं जिथं उष्णता पळते तिथं तिथं लोकर कोंबली. सिरॅमिकची लोकर असते ती, हाताले खाज सुटते. मोजे घालायले वेळ नव्हता. भट्टी मी बांधली होती, तिची कुठली वीट ढिली आहे ते मलेच माहीत. काट्यावर नजर. नऊशे नव्वद. नऊशे सत्तर. नऊशे पंचावन्न.

"नऊशेच्या खाली गेलं तर?" मी विचारलं.

"माहीत नाही," ती म्हणाली. "असं कोणी केलंच नाही."

नऊशे चाळीसवर लाईट आली. बारा मिनिटं गेली होती. पुन्हा हजारावर नेलं, राहिलेला वेळ पुरा केला. पण मग उतरायले दोन तास उरले नाहीत. चारले लाईट जाणारच होती. गेली. बाकीचं उतरणं भट्टीनं स्वतःच केलं, विटांच्या उबेवर, हळूहळू. मी देवाले नाही, त्या विटांले हात जोडले.

साडेपाचले तिनं खडे डबीत ठेवले, डबी ओढणीच्या गाठीत बांधली अन् बसस्टँडवर गेली. जाताना "येते" म्हणाली. काका म्हणाली नाही.

शनिवार गेला. मी त्या शुक्रवारी कॅन नेली नव्हती. पार्बतानं विचारलंही नाही.

रविवारी आमी घरीच होतो. दुपारी, ती स्वयंपाक करत होती, मी ओसरीत. फोन वाजला. सबीहा.

"काका," ती म्हणाली, मागं मशीनचा घों-घों आवाज. "काका, धावली. दोन्ही खड्यांत. जितकं थंड केलं तितकी सोपी धावून राहिली. दोन्ही दगड अन् मधात करंट."

तिच्यासमोर रडलो नसतो, फोनवर कोण पाहते. ती रडत होती की हसत होती ते कळत नव्हतं, अन् मीही विचारलं नाही.

मग तिचा आवाज सरळ झाला. "मले आता त्या सहा खड्यांचं पाणी पाहिजे."

"म्हणजे?"

"जानेवारीत कॅनमध्ये नळाचं किती होतं, मार्चमध्ये किती होतं. तारखेसह. तोच खडा, तीच भट्टी, तेच हात, फक्त पाणी वेगळं, तर करंट नाही. हे कोणी असं दाखवलं नसन. तो माझ्या थिसिसचा अर्धा धडा आहे. पाणी कुठून आलं ते लिहावं लागन, कसं आलं ते नाही लिहिलं तरी चालते. सरले मी सांगणार नाही."

"तारखा लिहून देतो," मी म्हटलं. "अन् सरले मी सांगतो. उद्याच. अकरा वाजता, तू आल्यावर, तुझ्यासमोर." मार्चमध्ये ते तिले माझ्यासमोरच बोलले होते, म्हणून.

ती म्हणाली, "ठीक आहे, काका." त्या 'काका'नं मले किती बरं वाटलं ते मी कोणाले सांगितलं नाही, तुमालेच सांगतो. माफ केलं असं ती म्हणाली नव्हती, अन् मी ते धरूनही चाललो नाही.

आत गेलो. पार्बता ताट वाढत होती. मी तिले सांगतलं, करंट धावली. मोठ्या तोऱ्यात सांगतलं. म्हटलं, पाहा, शुद्ध पाण्याची ताकद. नोकरीचं उद्या जे व्हायचं ते होईन, पण तुले तर सहा महिने एक नंबरचं पाणी पाजलं, त्याचं मले वाईट वाटत नाही.

तिनं पळी खाली ठेवली.

"ते पाणी म्या पेलंच नाई."

"काय?"

"दोन दिवस पेलं. बेचव लागे. तहानच जात नोती. खाऱ्यावर जलमलेली जीभ माही, ते गिळवत नोतं."

"मंग सहा महिने मी रोज जी कॅन आणली ती?"

"वरणात," ती म्हणाली. "त्या पाण्यात डाळ कशी लोण्यावानी शिजे. तुमी दिवाळीपासून रोज वाटीभर जास्त खात होते. म्हणत होते, नव्या कुकरमधे चांगलं शिजते. कुकरमधे नाई शिजत होतं ते."

तिले तर डॉक्टरानं वरण बंद केलं होतं. ते सगळं मीच खाल्लं होतं. रोज, तोंडभर तारीफ करून. त्या पोरीचे सहा खडे, चार महिने, तिच्या हातावरचा भरवसा, मी भातावर घालून खाल्लं होतं.

"अन् तू बोलली काहून नाही?"

"स्टँडपासून घरापर्यंत ते कॅन खांद्यावर घेऊन येत होते तुमी. घाम पुसत म्हणत होते, पे, हे पे. कोणत्या तोंडानं सांगू?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "मले काय मालूम, ते कोणाचं होतं."

मी पाटावर बसलो. तिनं भात वाढला, त्यावर वरण. शुक्रवारपासून कॅन नव्हती, तर बोअरच्या पाण्यात घातलेलं. मी घास घेतला. दाताखाली दाणा आला, कटकन वाजला.

ती माझ्या तोंडाकडे पाहत होती. "शिजलं नाई न?"

"नाही शिजलं," मी म्हटलं, अन् ताट पुढं केलं. "वाढ अजून."